खैरमाळच्या कोठडीची भाकरी

प्रयागबाई भाकरी मोडून कुणाला वाढत नसे. "चतकोर दारात मागायला आलेल्याला. पंगतीला बसलेल्याला अख्खी," असं तिचं म्हणणं. आणि तिच्या लेखी पंगतीला बसलेल्यांत खैरमाळच्या कोठडीतले कैदीसुद्धा आले.

खैरमाळ गाव बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, नीरेच्या पाटापासून अर्ध्या कोसावर. गाव लहानसंच, पण पोलीस ठाणं होतं. दारूबंदीचा कायदा आला आणि हातभट्टी लावणारे, मोटारीच्या ट्यूबमधून दारू नेणारे, नुसते पिऊन बांधावर पडलेले, असे सगळेच धरून आणायला लागले. तालुक्याला जागा पुरेना. मग ठाण्यामागच्या जुन्या धान्याच्या कोठाराला गज बसवले आणि त्याची कोठडी झाली. आठ माणसांची जागा, पण कधी अठरा, कधी वीस माणसं असत. वर हात पोचणार नाही असा एक झरोका. कोपऱ्यात एक पिंप ठेवलेलं, ते सकाळी एकदाच रिकामं व्हायचं. घोंगड्या दहा. थंडीच्या दिवसांत माणसं पाळीपाळीनं झोपत, आणि ज्याची पाळी नसे तो भिंतीला टेकून अंगावरच्या उवा मारत बसे.

कैद्यांच्या जेवणाचा मक्ता आधी दत्तोबा हॉटेलवाल्याकडे होता. त्याच्या भाकरीबद्दल कैदी म्हणत, "भिंतीवर फेकली तर भिंत पडंल, आमी सुटून जाऊ." प्रयागबाई तेव्हा त्याच्याच हॉटेलात धान्य निवडायला जायची. नवरा पाटकरी होता, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळायचा, तो पटकीनं गेला. मूलबाळ नव्हतं. एक दिवस दत्तोबानं सोंड्यांनी भरलेली ज्वारी तिच्यापुढं ओतली आणि म्हणाला, "ही निवडू नका, कोठडीची हाय." प्रयागबाई सूप तिथंच ठेवून उठली ती थेट ठाण्यात गेली. त्या दिवशी इंदापूरहून मामलेदार मोहनराव तपासणीला आले होते. पदर सावरून ती त्यांच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "रावसाहेब, त्यांनी गुन्हा केला आसंल, पण किडं खायाची शिक्षा कुण्या कागदात लिवलीय का?"

मोहनरावांनी कागद पाहिले. तशी शिक्षा कुठं लिहिलेली नव्हती. पुढच्या महिन्यापासून मक्ता प्रयागबाईकडे आला.

ती पहाटे उठून जात्यावर दळायची. विकत पीठ तिनं कधी आणलं नाही. शेजारची शकुबाई भाकरी थापायला यायची आणि जाताना घरापुरत्या भाकरी घेऊन जायची. शकुबाईचा हात चांगला. भाकरी टम्म फुगायची, पापुद्रा असा सुटायचा की आत मूठ घालावी. दोघींचं जमायचंही बरं. दिवस कासराभर वर आला की प्रयागबाई दुरडी डोक्यावर घेऊन निघायची, कोठडीच्या गजाबाहेर बैठक मारायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आज नवा कोण?"

नव्या कैद्याला पहिली भाकरी. हा तिचा नियम. दुरडीतली सगळ्यांत वरची, पदराखालची, सगळ्यांत गरम. हवालदार मानसिंग एकदा हसून म्हणाला, "पाव्हणा आला जणू."

"मग? तुमी तर त्याला गाडीतनं आणलाय. एवढा मान जावयाला बी न्हाय."

ठाण्याचा नियम असा होता की बाहेरून आलेलं अन्न हवालदारानं मोडून, बघून आत द्यायचं. पहिल्याच दिवशी मानसिंगनं भाकरीला हात घातला तेव्हा प्रयागबाईनं दुरडी मागं ओढली. "मोडलेली भाकरी मी कुणाला देत न्हाय. माझ्या अन्नावर इस्वास नसंल तर आधी मला आत घाला." मानसिंग तसा मऊ माणूस. त्यानं भाकऱ्या नुसत्या मोजल्या आणि दार उघडलं. पुढं दोन वर्षं तो मोजतच राहिला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. बाईच तशी होती.

तिसऱ्या वर्षी पौषात शकुबाईचा नवरा कुंडलिक कोठडीत आला. त्याच्या बंडीच्या खिशात अफू सापडली होती, आणि परवाना नव्हता. कुंडलिक अफू खातो हे गावाला माहीत होतं. मणक्यात गाडीचं चाक लागल्यापासून त्याला ती सवय. दोन वेळा हरभऱ्याएवढी गोळी मिळाली की माणूस कामाला सरळ, नाही मिळाली की संपला.

कोठडीत ती मिळणार कुठून? पहिल्या रात्रीपासून त्याला थंडी वाजायला लागली. नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा, उलट्या. पिंप आधीच भरलेलं. शेजारचे कैदी शिव्या द्यायचे. "ए अफिमबाज, नाटक बास कर, झोपू दे." मानसिंग म्हणायचा, "दोन दिवस ओरडेल, मग गप बसेल." प्रयागबाई भाकरी घेऊन गेली तेव्हा कुंडलिक गुडघ्यांत डोकं घालून मुटकुळं करून पडला होता. कुणीतरी म्हणालं, "मावशी, ह्याला बाळंतपणाच्या कळा आल्यात." सगळे हसले. प्रयागबाईही हसली.

पण घरी गेल्यावर तिला ते बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी तिनं देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा पुडीत बांधून नेला आणि गजातून हात घालून कुंडलिकच्या कपाळाला लावला. "देवा, ह्याची सुटका कर," एवढंच म्हणाली. आणि खरोखरच तिसऱ्या दिवशी कुंडलिक शांत झाला. उठून बसला, भाकरी खाल्ली, थट्टेला थट्टेनं उत्तर दिलं. प्रयागबाईनं देवाला हात जोडले. रविवारी तिनं एक वेळचा उपास केला आणि ही गोष्ट चार बायकांना सांगितली. शकुबाईलाही सांगितली. शकुबाई भाकरी थापत होती. ती परातीतून मान वर न करता म्हणाली, "देवाची दया."

सातव्या दिवशी झुंबर आला. बावीस-तेवीस वर्षांचा, उसाच्या गाडीवरचा. आदल्या संध्याकाळी उसाच्या मोळ्यांखाली दारूची ट्यूब सापडली होती, आणि थोडी त्याच्या पोटातही होती. सकाळी प्रयागबाईनं विचारलं, "आज नवा कोण?" तर तो पुढं सरकला. तिनं वरची भाकरी त्याच्या हातावर ठेवली. वर पिठलं आणि ठेचा. पोरगं उपाशी होतं. चार घासांत त्यानं निम्मी संपवली आणि म्हणाला, "मावशी, बाजरी जुनी हाय व्हय? कडू लागतीय."

"जुनी तुझी जीभ झालीय. आज पहाटं दळलंय."

"आसंल बाबा. कालचीच चव आसंल तोंडात." बाकीचे हसले. भाकरी संपली. कुंडलिक मात्र हसला नाही. तो आपली भाकरी उघडून बघत होता, हे प्रयागबाईला दिसलं, पण त्या वेळी त्याचा अर्थ काही लागला नाही.

दुपारी ती रिकामी भांडी न्यायला आली तेव्हा झुंबर कोपऱ्यात झोपला होता. घोरत होता म्हणावं, तर तसंही नाही. मध्येच श्वास थांबायचा. आता येतो, मग येतो असं वाटेपर्यंत येत नसे, आणि मग एकदम घरघरून यायचा.

"कालची उतरती हाय त्याची," मानसिंग म्हणाला. "झोपू दे."

"दार उघडा," प्रयागबाई म्हणाली.

"अहो, कैद्याच्या कोठडीत बाईमाणूस..."

"मानसिंगराव, दार उघडा."

तिचा आवाज असा होता की त्यानं उघडलं. ती झुंबरजवळ बसली आणि अंगठ्यानं त्याची पापणी वर केली. बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा झालेला.

असं बुबुळ तिनं एकदा पाहिलं होतं. तिचं माहेर पळसदेवचं. भीमेच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या असत, आणि कामाला जाताना बाया तान्ह्या पोरांना अफूचा कण चाटवून झोपवत. तिच्या आईनंही धाकट्या भावाला चाटवला होता. प्रयाग तेव्हा सात वर्षांची, पाळण्याशी बसलेली. खेळता खेळता तिनं त्याची पापणी उचलून बघितली होती. भाऊ दिवसभर उठला नाही म्हणून तिला वाटलं, किती गुणाचं बाळ. तिन्हीसांजेला आई आली तेव्हा बाळ गार होतं.

आता तिला सगळं एकदम कळलं. कडू भाकरी, कुंडलिकचं शांत होणं, भाकरी उघडून बघणं. आणि हेही कळलं की तिनं तोंड मिटून ठेवलं तर कुणाला काही समजणार नाही. दारू पिऊन आलेला पोरगा दारूनं मेला, असं लिहिलं जाईल. तोंड उघडलं तर भाकरी तिची, चूल तिची, दुरडी तिची. मक्ता जाईल, कदाचित तीही आत जाईल. आणि कोठडीतली वीस माणसं पुन्हा दत्तोबाचं सोंडे पडलेलं पीठ खातील.

ती मानसिंगकडे वळली. "ह्यानं अफू खाल्लीय. माझ्या भाकरीतनं आलीय. झोपला तर मरंल. डाक्टरला माणूस पाठवा, आन तंवर ह्याला चालवायला हवं."

मानसिंग म्हणाला, "बाई, काय बोलताय कळतंय का? मला लिहून घ्यावं लागेल."

"लिवा की. आधी हात द्या ह्याला."

कैद्यांनी झुंबरला उभा केला. पाय लुळे पडलेले. प्रयागबाईनं डोक्यावर गार पाणी ओतलं, गालावर चापट्या मारल्या. दोघा-दोघांनी खांद्याला धरून त्याला ठाण्याच्या अंगणात फिरवायला सुरुवात केली. मानसिंगनं गजाचं दार सताड उघडं टाकलं होतं, आणि एकाही कैद्याच्या मनात पळायचं आलं नाही. ज्याला 'अफिमबाज' म्हणत होते तो कुंडलिकच सगळ्यांत पुढं होता. त्याला यातलं ठाऊक होतं. "बोलता ठेवा त्याला. डोळं मिटू देऊ नका," असं तो सारखा सांगत होता आणि सांगताना रडत होता.

प्रयागबाई झुंबरच्या कानात बोलत राहिली. "बैलांची नावं काय रं तुझ्या? सांग. न्हायतर मी ठेवू का? एकाचं दत्तोबा ठेवते." झुंबर अर्धवट शुद्धीत म्हणाला, "पोपट्या... आन हिऱ्या." "पुन्यांदा सांग." असं किती वेळ चाललं देव जाणे. डॉक्टर सायकलवरून आले, नळी घालून पोट धुतलं, काळा कडक चहा पाजला. दिवस मावळायच्या सुमारास झुंबरनं डोळे नीट उघडले आणि पहिला शब्द बोलला तो असा: "मावशी, गालावर किती मारता."

त्या संध्याकाळी प्रयागबाई शकुबाईच्या दारात गेली. शकुबाई तांदूळ निवडत होती, सूप तिच्या हातात तसंच राहिलं. काही विचारावंच लागलं नाही.

"दोन रात्री मी ठाण्याच्या भिंतीमागं बसून त्यांचं वरडणं ऐकलंय," शकुबाई म्हणाली. "तुमी हसलात, त्ये बी ऐकलं. मी काय करायचं हुतं? पापुद्र्यात गोळी घालायची, कडंला बोटाची खूण करायची, वर ठिवायची. त्ये दाराशी बसायचे, वरची त्यांनाच मिळायची. चार दिवस कुणी नवा आला न्हाय."

"आन पाचव्या दिवशी पोरगं मरत हुतं."

"मला काय म्हाइत, तुमी नव्याला पहिली देता त्ये..." आणि ती थांबली. दोन वर्षं ती त्या घरी भाकरी थापत होती. तिला माहीत होतं. आपल्या माणसाच्या काळजीत ती विसरली, एवढंच.

"उद्या मामलेदार येणार," प्रयागबाई म्हणाली. "माझ्यासंगं चल आन तूच सांग."

"सासू आंधळी हाय घरात. मी आत गेले तर तिला कोण बघंल? तुमीच म्हणा, म्हाइत न्हाय. तुमच्यावर कोण संशय घेणार न्हाय."

"मी चुगली करणार न्हाय, शकू. पण इचारलं तर खोटं बी बोलणार न्हाय."

"मग तुमचं खरं तुमाला लखलाभ," शकुबाई म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

मोहनराव ठाण्याच्या ओसरीवर बसले. दत्तोबाही काही कारण काढून अंगणात येऊन उभा होता. मोहनरावांनी विचारलं, "प्रयागबाई, तुमचा कुणावर संशय?"

"संशय न्हाय, रावसाहेब. म्हाइती हाय. शकुबाईनं घातली, नवऱ्यासाठी." "पण माझं दोन बोल लिवून घ्या. हवालदारानं भाकरी मोडायची, असा नियम हुता. मी मोडू दिली न्हाय. माझ्या मानापायी. तवा पहिला गुन्हा माझा. आन दुसरं, कुंडलिक तळमळत हुता तवा समद्यांनी थट्टा केली, त्यात मी बी हुते. त्याला डाक्टर दावला असता तर तिच्या हातनं ह्ये झालं नसतं. मी त्याला भंडारा लावला आन गावभर सांगत सुटले की देवानं बरं केलं. देवाच्या नावावर मी अफू खपवली, रावसाहेब."

मोहनरावांनी बराच वेळ लिहिलं. शकुबाईला एक महिन्याची साधी कैद झाली. कुंडलिकला डॉक्टरांकडे पाठवलं गेलं. डॉक्टरांच्या दाखल्यावर अशा माणसाला ठरलेली अफू मिळायची आणि ती हळूहळू कमी करत न्यायची, अशी सोय त्या काळी होती, पण कुणी त्याला ते सांगितलंच नव्हतं. आणि मक्ता? मोहनराव म्हणाले, "मक्ता राहील. पण भाकरी मोडल्याशिवाय आत जाणार नाही."

"मोडते," प्रयागबाई म्हणाली. "पण दुसऱ्या कुणी मोडायची न्हाय. मी मोडीन, त्यांच्या म्होरं."

दुसऱ्या दिवशी तिनं गजाबाहेर बसून पहिली भाकरी मोडली, पापुद्रा उघडून दाखवला आणि दोन्ही अर्ध्या एकावर एक ठेवून पुढं केल्या. एक म्हातारा कैदी हात मागं घेऊन म्हणाला, "आता चतकोरावर आलो व्हय आमी?"

"चतकोर न्हाय, दोन अर्ध्या हायत. जुळवून बघ. कमी भरली तर सांग."

म्हाताऱ्यानं खरंच जुळवून बघितली. मग खायला लागला.

शकुबाई ठाण्यातल्याच बायकांच्या खोलीत एकटी होती. पहिल्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून बसली. प्रयागबाईनं भाकरी मोडून ठेवली आणि दाराशी बसून राहिली. "तुझी सासू माझ्याकडं आणलीय," ती म्हणाली. "सकाळी दोन भाकरी खाल्ल्या आन मला चार शिव्या घातल्या. तब्येत बरी हाय." शकुबाई बोलली नाही. सबंध महिना बोलली नाही. पण भाकरी खायची, आणि प्रयागबाई ताट उचलेपर्यंत बसून सासूची हकीकत सांगायची. म्हातारी आज काय बोलली, कुणाला बोलली, तिचा गुडघा कसा आहे. त्याच महिन्यात प्रयागबाईनं मानसिंगच्या मागं लागून पिंप दोनदा रिकामं करायला लावलं आणि बारामतीच्या बाजारातून घोंगड्या मागवून घेतल्या. वीस माणसांना वीस काही झाल्या नाहीत, पंधरा झाल्या.

शकुबाई सुटली त्या दिवशी सासूला घेऊन घरी गेली. जाताना वळून बघितलं नाही. प्रयागबाईनं दुसरी बाई शोधली नाही. महिनाभर थापल्या तशाच आणखी तीन दिवस एकटीनं वीस जणांच्या भाकरी थापल्या आणि तिचे खांदे भरून आले.

चौथ्या दिवशी पहाटे दार वाजलं. शकुबाई आत आली, हात धुतले आणि परातीपुढं बसली. प्रयागबाईनं पिठाचा डबा तिच्याकडे सरकवला. पीठ मळता मळता शकुबाई म्हणाली, "पाणी आजून थोडं तापवायला हवं हुतं."

"तापवते."

दिवस वर आल्यावर दुरडी ठाण्यात पोचली. मानसिंगला बातमी आधीच लागली होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, परत तिलाच घेतली थापायला?"

प्रयागबाईनं बैठक मारली, पदर बाजूला केला आणि वरची भाकरी हातात घेतली.

"थापू दे की कुणी बी," ती म्हणाली. "मोडायला मी हाय न्हवं. आज नवा कोण?"